वीतभर वाळू

आप्पासो काळेलनं उभ्या आयुष्यात त्रेचाळीस विहिरी खणल्या आणि त्यांतल्या एकोणचाळीस विहिरींना पाणी लागलं. उरलेल्या चार विहिरींचा विषय म्हसवडात त्याच्यासमोर कुणी काढत नसे. काढलाच, तर आप्पासो शांतपणे सांगायचा, "पाणी हाय त्यात. अजून वर आलं न्हाई."

त्याचा बाप मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरायचा. आप्पासोला चालायचा कंटाळा. एका जागी उभं राहून नुसतं खाली खाली जायचं, असलं काम त्याला विसाव्या वर्षी सापडलं आणि ते मानवलं. अंगानं काटक, उंचीनं बेताचा. निम्मी उंची विहिरींतच झिजली, असं भाऊबंद म्हणायचे. पुढं पोकलेन आला आणि चार दिवसांत विहीर पाडायला लागला, तरी जुनी माणसं आप्पासोलाच बोलवायची. पोकलेनची विहीर म्हणजे डुकरानं उकरलेला खड्डा, आणि आप्पासोची विहीर म्हणजे घासलेला तांब्या. वरून ओळंबा सोडला तर दोरी आणि भिंत यांच्यामधून मुंगीला वाट मिळायची नाही.

दुसरी त्याची खोड चवीची. मातीचा थर बदलला की चिमूटभर उचलून तो आधी नाकाला लावायचा, मग जिभेला. त्याची बायको भामाबाई म्हणायची, "भाजीत मीठ न्हाई ह्ये ह्येंला कळत न्हाई, आन् शंभर वर्साच्या मुरमाची चव मातुर कळती."

२०२२ च्या दिवाळीनंतर शिराळ्याच्या नाथाजी सुभेदारांनी त्याला बोलावलं. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन उसात रमले होते. मोरणा नदीच्या अंगाला त्यांचा एक पडीक कोपरा होता, कधी नांगर न लागलेला. तिथं त्यांना विहीर हवी होती. आप्पासो माणदेशातून इतक्या पाण्याच्या मुलखात आला की त्याला जरा अपमान झाल्यासारखं वाटायचं. इथं विहीर म्हणजे परीक्षेच्या आधीच उत्तर सांगितल्यासारखं. पण सुभेदारांचा शब्द मोडवेना.

सहा फूट खाली गेल्यावर एक दिवस वरून आवाज आला, "आप्पा, ती रेघ कसली?"

काठावर सुभेदारांची नात बसली होती. तिचं नाव उत्कर्षा. पुण्याच्या एका संस्थेत दगडामातीवर पीएचडी करायची. घरच्यांना अजून नीट कळलं नव्हतं की एवढी शिकलेली पोरगी चिखल कशासाठी बरणीत भरून आणते.

"कंची? ही?" आप्पासोनं टिकावाच्या टोकानं दाखवलं. "ही वरची एकवीसच्या पुराची. खालची बोटभर जाड ती एकोणीसची. एकोणीसला पाणी लय दिस तुंबलं हुतं, म्हणून गाळ बघा कसा सायीवानी बसलाय. एकवीसचं पाणी दांडगाईनं आलं आन् गेलं. त्यात भरड जास्त."

"आणि त्याच्या खालची?"

"ती पाच सालची."

"कशावरून?"

आप्पासोनं दोन थरांच्या मधून एक चुरगळलेली पुडी ओढून काढली आणि फुंकर मारून तिच्याकडं वर धरली. "ह्या गुटख्यावरनं. ही त्या खालच्या रेघंच्या वर घावली आन् एकोणीसच्या खाली. ही पुडी बाजारातनं जाऊन धा वर्सं झाली, म्हंजी तिच्या खालचा पूर त्याच्या आदीचा, पाचचाच. मी सोता खात हुतो, म्हणून सांगतो."

उत्कर्षा शिडी उतरून खाली आली. वरून सुभेदार ओरडत राहिले, तिकडं तिनं लक्ष दिलं नाही. तासभर ती भिंतीचे फोटो काढत होती. जेवताना आजोबांना म्हणाली, "आमच्याकडे एवढंच सांगायला कोळशाचा कण यंत्रात घालतात आणि सहा महिने वाट बघतात. ह्यांनी पुडीवर सांगितलं."

मग तिनं आप्पासोला आपलं काम समजावलं. ती अंदमानच्या बेटांवर जायची. समुद्रात खाली भूकंप झाला की कधीकधी डोंगराएवढं पाणी किनाऱ्यावर चढतं, त्सुनामी म्हणतात त्याला. ते येताना समुद्राची वाळू घेऊन येतं. पाणी माघारी जातं, वाळू मागं राहते. तिच्यावर पुन्हा शेकडो वर्षं काळा गाळ साठत जातो. मग कुणी खणलं, तर काळ्या गाळात पांढरी रेघ दिसते. अशा रेघा किती आणि किती किती वर्षांच्या अंतरानं, एवढं कळलं की समुद्र किती वर्षांनी उठतो याचा अंदाज लागतो.

"म्हंजी तुमी समुद्राचा पूर वाचता," आप्पासो म्हणाला.

"हो. पण गेल्या वर्षी खणलेले सगळे खड्डे ढासळले. एक भिंत सरळ राहिली नाही. आप्पा, तुम्ही याल का?"

सुभेदारांनी भाकरीचा घास हातातच धरला. "मी पोर्ट ब्लेअरला दोन वर्षं काढली. तिथं पाणी सोडून दुसरं काही नाही. आणि तू विहीर खणणारा माणूस तिथं न्यायला निघालीस?"

म्हसवडात बातमी पोचल्यावर भामाबाईनं ती आपल्या पद्धतीनं शेजारणीला सांगितली, "समुद्राला पाणी लागतंय का बघायला ह्येंला बोलवलंय."

संस्थेचा एक अर्ज आला. शिक्षणाच्या रकान्यात आप्पासोनं 'चौथी' लिहिलं. अनुभवाच्या रकान्यात त्रेचाळीस विहिरींची गावांसह यादी लिहायला घेतली, ती कागद उलटून मागच्या बाजूला गेली. फेब्रुवारीत त्याला 'तंत्र सहायक' असं नाव देऊन विमानात बसवण्यात आलं. विमानतळावर तपासणीच्या शिपायानं त्याच्या खिशातला लोखंडी ओळंबा दोरीला धरून वर उचलला आणि विचारलं, "ये क्या है?" आप्पासो अभिमानानं म्हणाला, "इससे सीधा दिखता है." शिपायानं ओळंबा जरा वेळ झुलताना पाहिला आणि वरच्या साहेबाला बोलावलं. शेवटी उत्कर्षानं तो सामानात घातला. आप्पासोला ते आवडलं नाही. पस्तीस वर्षांत ओळंबा खिशाबाहेर राहिला नव्हता.

बेटावर उत्कर्षाच्या प्रमुख राजेश्वरी मॅडम काही विद्यार्थ्यांसह आधीच पोचल्या होत्या. पन्नाशीच्या, डोक्याला मोठी टोपी, बोलणं मोजकं. त्यांनी आप्पासोला खालपासून वरपर्यंत पाहिलं, फार वेळ लागला नाही, आणि उत्कर्षाला हळूच विचारलं, "हेच का?"

जागा किनाऱ्यापासून थोडी आत होती. पुढं नारळी, मागं दलदल, त्यापलीकडं झाडीनं भरलेला डोंगर. मॅडमनी चार खुंट्या ठोकून चौकोन आखला आणि दुसरीकडं मोजमापाला गेल्या. आप्पासोनं जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि कामाला लागला. कातळ नाही, मुरूम नाही, नुसता लोण्यासारखा गाळ. त्याला फावडं चालवायची लाज वाटली. आणि कमरेपर्यंत गेला नाही तोच पायाखाली थंड लागलं.

पाणी. तीन फुटांवर.

आप्पासो खड्ड्यातून वर आला. हात धुतले. पिशवीतून सिद्धनाथाचा गुलाल काढून काठावर वाहिला. नारळाला तिथं तोटा नव्हता, तोही फोडला. मग भामाबाईला फोन लावला. "आगं, पाणी लागलं. तीन फुटाला."

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग भामाबाई म्हणाली, "आवं, काय सांगताय. आपल्या मळ्यात नव्वद फुटाला न्हाई लागलं."

मॅडम परत आल्या तेव्हा आप्पासो खोबऱ्याचा तुकडा पुढं धरून उभा होता. "हे काय?" त्यांनी विचारलं.

"पाणी लागलं, मॅडम. पयल्या दिशी."

"अरे देवा," मॅडम म्हणाल्या आणि कपाळाला हात लावून नारळीच्या बुंध्यावर बसल्या.

पाणी लागल्यावर मालक नाचलेले आप्पासोनं पाहिले होते, रडलेले पाहिले होते, एकानं तर त्याला खांद्यावर घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत नेलं होतं. कपाळाला हात लावून बसलेला मालक त्याच्या पाहण्यात नव्हता. उत्कर्षानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "आप्पा, आपल्याला पाणी नकोय. पाणी आलं की भिंत ढासळते, मग थर दिसत नाहीत."

"मग आदी का न्हाई सांगितलं?" आप्पासोनं वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकला. "खारं हाय ह्ये."

"समुद्र आहे तो, आप्पा."

तोवर म्हसवडात उशीर झाला होता. भामाबाईनं शेजारच्या नानासोला सांगितलं, नानासोनं चहाच्या टपरीवर सांगितलं, आणि तिन्हीसांजेपर्यंत आप्पासोनं समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचा बारा इंची झरा फोडल्याचं गावभर झालं. नानासोचा फोन आला, "आप्पा, तितं तीन फुटाला लागतंय तर हितं चार विहिरी कोरड्या कशा?" आप्पासोनं रेंज गेल्याचं सोंग केलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पहाटे उठून खड्डा उपसला, तळ कोरडा केला, भिंत तासली आणि जेवायला गेला. जेवून परत आला तर खड्डा काठोकाठ भरलेला. त्यानं चौफेर नजर टाकली. "पाणी कुणी सोडलं?" त्याच्या ओळखीत पाणी आपोआप वर येत नसे, कुणाला तरी चावी फिरवावी लागे. उत्कर्षानं भरती-ओहोटीचं सांगितलं. दिवसातून दोनदा चढायचं, दोनदा उतरायचं, आणि वेळ रोज थोडी पुढं सरकायची.

आप्पासोनं बोटांवर वेळा मोजल्या. "म्हंजी समुद्रालाबी पाळी हाय. कॅनॉलसारखी."

"तसंच म्हणा."

"आन् चुकत न्हाई?"

"कधीच नाही."

"मग कॅनॉलसारखी न्हाई," आप्पासो म्हणाला आणि तिच्याकडून वेळांचा कागद मागून घेतला.

पाळी समजली तसं काम सोपं झालं. पाणी उतरायला लागलं की खणायचं, चढायच्या आत फोटो आणि नमुने घेऊन मोकळं व्हायचं. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात तो हातभर खोल डबरा काढायचा. झिरपलेलं पाणी त्यात उतरायचं आणि एक विद्यार्थी ते बादलीनं उपसत राहायचा. दुसऱ्या खड्ड्याची भिंत त्यानं खुरप्यानं अशी घासली की मॅडमना तिच्यात टोपी सरळ करता आली असती. मॅडमनी भिंतीवर हात फिरवला. संध्याकाळी त्याच्या ताटात मासळीचा एक तुकडा जास्त आला. आप्पासो माळकरी नव्हता, त्यानं तो खाल्ला.

खरी अडचण तिसऱ्या खड्ड्यात झाली.

चार फुटांवर काळ्या गाळात वाळूचा जाड पट्टा लागला. तीन हंगाम मॅडम ज्याची वाट पाहत होत्या, तो. विद्यार्थी गोळा झाले, मोजपट्टी लागली, फोटो निघाले. राजेश्वरी मॅडम पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. आप्पासो मात्र चिमूटभर वाळू नाकाशी धरून एका कडेला उभा राहिला.

"आप्पा, काय झालं?" उत्कर्षानं विचारलं.

"काय न्हाई."

"सांगा की."

"ह्यो भराव हाय," आप्पासो हळू म्हणाला. "कुणीतरी खड्डा काढून परत भरलाय. देवानं घातलेली माती न्हाई ही. माणसानं घातलीया."

मॅडमना ऐकू गेलं. "कशावरून म्हणता?"

"वास मेलाय तिचा. आन् कड बघा. पाण्यानं आणलेली वाळू चादरीवानी पसरती. ही पाटीनं टाकलीया, ढिगाढिगानं. एक पाटी हितं, एक तितं."

"आप्पासो, मी हे काम पंचवीस वर्षं करतेय."

"मी पस्तीस," आप्पासो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला वाटलं की आपण गप्प बसायला हवं होतं.

मॅडमनी नमुने घ्यायचा हुकूम केला. आप्पासोनं मुकाट्यानं खुरपं उचललं आणि वाळूच्या खालची कड साफ करायला घेतली. चौथ्या फटकाऱ्याला काहीतरी निळं दिसलं. त्यानं ते ओढलं. रबरी चपलेचा पट्टा होता, अंगठ्यासकट.

 एक विद्यार्थी खोकला. मॅडमनी तो पट्टा हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "हा किती वर्षांपूर्वीचा असेल?"

आप्पासोनं बारकाईनं पाहिलं. "असली चप्पल माज्या थोरल्या मेव्हण्याकडं हुती. लग्नातली. नव्वदच्या आसपास धरा."

चहा होईपर्यंत मॅडम दूर किनाऱ्यावर एकट्याच फिरत होत्या. हे खोटं वैज्ञानिक मासिकात छापून गेलं असतं तर काय झालं असतं, याचा त्या हिशेब घालत असाव्यात. परत आल्या तेव्हा त्यांनी नकाशाची गुंडाळी आप्पासोच्या पुढ्यात ठेवली. "उद्या तुम्ही सांगाल तिथे खणू."

नकाशा आप्पासोनं उघडलाच नाही. अख्खी सकाळ तो नुसता हिंडला. ज्याला चालायचा कंटाळा होता तो माणूस तीन वेळा दलदलीला वळसा घालून आला. पूर कुठून आला असेल, कुठं अडला असेल, कुठं दमून खाली बसला असेल, एवढंच तो बघत होता. माणगंगेच्या ओढ्याओघळींतून हेच बघत त्याची उमर गेली होती. शेवटी नारळीच्या बागेच्या मागं, केवड्याच्या जाळीजवळच्या एका खोलगट जागी त्यानं टाच रुतवली. "हितं. पाणी आलं तर हितं बसलंच पायजे. उठून जायला वाट न्हाई."

बागेचा मालक साठीचा होता. त्याचा बाप रांचीकडून मजुरीला आलेला, आणि हा इथंच जन्मलेला. त्यानं खणायला परवानगी दिली आणि रोज येऊन उकिडवा बसायला लागला. आप्पासोची हिंदी फौजी पाहुण्यांकडून शिकलेली, त्याची हिंदी रांचीची. तरी दोघांचं जमलं. दोघांच्या बापांनी जनावरं राखली होती, तेवढ्यावर एक आठवडा निघाला.

खड्डा खाली गेला. वर पाला, त्याखाली चार बोटं वाळू, मग काळा गाळ. छातीइतकं खोल गेल्यावर फावड्याचा आवाज बदलला. आप्पासोनं फावडं टाकलं आणि खुरपं घेतलं. वरचा गाळ संपला तिथं वीतभर पांढरी वाळू होती, आणि खालच्या गाळाशी तिची कड सुरीनं कापल्यासारखी. तळाला भरड, वर वर बारीक होत गेलेली. तिच्यात शिंपल्यांचे तुकडे आणि पोवळ्याचे बारीक खडे होते, जे असल्या दलदलीत जन्मात तयार होत नाहीत. आप्पासोनं चिमूट जिभेवर ठेवली. मग दुसरी ठेवली. त्याला कुणी घाई केली नाही.

"चादर हाय," तो म्हणाला.

मॅडम खाली उतरू लागल्या, तर त्यानं हात वर केला. "थांबा जरा. खाली कायतरी हाय." वाळूचा तळ त्यानं नखानं कोरला. खाली गवत होतं. कधीकाळचं, तपकिरी, पण काडी न् काडी ओळखू येणारं. आणि सगळं एकाच अंगाला आडवं.

"ह्ये बघा. सगळ्या काड्या डोंगराकडं माना टाकून पडल्यात. पुरात ज्वारी अशीच पडती. पाणी ज्या अंगाला जातंय त्या अंगाला मान. म्हंजी पाणी डोंगराकडनं आलं न्हाई. समुद्राकडनं आलं."

राजेश्वरी मॅडम टोपीसकट चिखलात गुडघ्यावर बसल्या. त्यांनी भिंगानं एकेक काडी पाहिली. मग म्हणाल्या, "उत्कर्षा, लिहून घे. ह्यांच्याच शब्दांत लिही. 'मान टाकून'. इंग्रजी नंतर बघू."

दुपारी बागवाला आला. तो खड्ड्यात डोकावला आणि त्यानं विचारलं, "हमारा वाला कौन सा है?"

आप्पासोनं वरची चार बोटं वाळू दाखवली. २००४ च्या त्सुनामीची. बागवाला हळूच खाली उतरला आणि त्यानं त्या रेघेवर आपली बोटं टेकवली. चार बोटं बरोब्बर बसली.

"बस, इतना ही?"

 बागवाल्यानं कधी सांगितलं नव्हतं, पण उत्कर्षानं गावात ऐकून आप्पासोला सांगितलं होतं. त्या सकाळी हा माणूस डोंगरावर बकऱ्या हाकायला गेला होता. त्याची आई आणि बहीण खाली घरात होत्या. घर होतं तिथं आता केवडा उगवला होता.

"हम लोगों को लगा, दुनिया ख़तम," बागवाला म्हणाला. "और यहाँ चार उँगली."

 विहीर खणताना तो हजारो थर खोदून वर फेकत आला होता. पाटीत भरायचं, यारीनं वर ओढायचं, बांधाला टाकायचं. त्यातल्या एखाद्या चार बोटांत कुणाची आई असेल, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. त्यानं बागवाल्याचा हात धरून तळाजवळच्या पांढऱ्या रेघेवर नेला. तिथं चार बोटं पुरली नाहीत, पूर्ण वीत लागली.

"ये इससे बी बड़ा था," आप्पासो म्हणाला. "बहुत पुराना. मॅडम को मालूम कितना."

"छह-सात सौ साल होगा," मॅडम वरून म्हणाल्या. "जाँच के बाद पक्का बताएँगे."

बागवाला त्या गवताकडं बघत राहिला. "तब भी कोई बकरी चराता होगा ऊपर," तो म्हणाला आणि खड्ड्यातून वर चढला. त्या दिवशी आप्पासोनं भिंत नेहमीपेक्षा सावकाश घासली.

मार्चअखेर तो म्हसवडला परतला. स्टँडवर नानासो आणि दहाबारा माणसं उभी होती. पहिला प्रश्न अपेक्षित होता. "किती पाणी लागलं?"

"पाणी नगं हुतं त्येंला."

"मग काय पायजे हुतं?"

"सहाशे वर्सांपूर्वी आलं आन् गेलं, ते पाणी."

माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. नानासो समजुतीनं म्हणाला, "म्हंजी गेलेलं पाणी हुडकायला इमानानं गेलतास. आरं गड्या, त्ये तर आपल्याकडं घरोघर हाय."

पुढच्या वर्षी उत्कर्षानं छापलेला निबंध पाठवला. सगळा इंग्रजी. शाळेतल्या विश्वजित गुरुजींनी तो चाळून शेवटच्या पानावर, जिथं आभार मानतात तिथं, आप्पासोचं नाव शोधून काढलं. गावाचं नावही होतं. वाक्याचा अर्थ गुरुजींनी असा सांगितला की ह्या गृहस्थांनी वाळू वाचली आणि लेखकांना एका मोठ्या चुकीतून वाचवलं. चप्पल मात्र त्यात कुठं नव्हती. आप्पासोनं दोनदा विचारून खात्री केली.

गुरुजींनी त्याला शाळेत बोलवून पोरांपुढं उभं केलं. मागं भिंतीला टेकून गावातली मोठी माणसंही बसली. आप्पासोनं लाट, वाळू, गवत, पाळी सगळं सांगितलं. बोलताना त्यानं पाठ फळ्याला टेकवून ठेवली, कारण विहिरीत जन्म गेलेल्या माणसाला भिंत पाठीशी असलेली बरी वाटते. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा पोरं गप्प राहिली आणि मागून बनुबाई उठली. सत्तरीची बाई, डोईला पदर, टँकरच्या रांगेत जन्म गेलेला.

"आप्पा, ती लाट आपल्याकडं यील का रं?"

"न्हाई, बनुआक्का. आपण लय उंचावर हाय. मधी सह्याद्री हाय. हितवर पाणी चढायचं न्हाई."

बनुबाईनं पदर सावरला आणि खाली बसली. "बघा," ती शेजारणीला म्हणाली, "एवढं डोंगराएवढं पाणी, त्येबी आपल्याला न्हाई."

वर्ग हसला. आप्पासोही हसला. मग त्यानं, आईबहीण गेलेला एक माणूस बेटावर आपल्याला भेटला होता, एवढंच सांगितलं आणि खाली बसला. बनुबाईचं हसू त्या वाक्याला थांबलं. जाताना ती त्याच्यापाशी आली आणि विचारून गेली की त्या माणसाला आता मागं कोण आहे.

त्या वर्षी पाऊस उघडल्यावर भामाबाईनं समुद्र बघायचा हट्ट धरला. नवऱ्यानं पाहिला, आपण का नाही. दोघं एसटीनं कोकणात उतरली. भामाबाई चप्पल हातात घेऊन सरळ पाण्याच्या दिशेनं निघाली. थोड्या वेळानं मागं वळून बघते तर आप्पासो सोबत नाही. तो रस्त्यावर एका रिक्षावाल्याला विचारत होता की डोंगरावर जायची वाट कुठून आहे.

"आवं, समुद्र हिकडं हाय," भामाबाई ओरडली.

"कळलं मला. आदी ही वाट बघून घिऊ."

"अन् वर काय हाय?"

"काय न्हाई. वर हाय, एवढंच."

भामाबाई पुटपुटत त्याच्यामागून गेली. वाट चिंचोळी होती, करवंदीच्या जाळ्यांतून वर चढणारी. अर्ध्यावर एक सपाट जागा आली. तिथून घरं, माड, देऊळ, वाळूवर खेळणारी पोरं आणि मागं सगळा समुद्र, असं एका नजरेत दिसत होतं. धापा टाकत भामाबाई खडकावर बसली आणि तिनं पदरानं घाम टिपला.

"हितनंच बरा दिसतोय की," ती म्हणाली.

आप्पासोनं पिशवीतली भाकरी सोडली. जेवण होईस्तोवर पाणी उतरायला लागलं होतं. मग दोघं निवांत खाली गेली.